परमिट रूमचे बिल आणि बर्फ

दारूवर डॉक्टर लिहू लागला की 'सोडा' एवढेच सांगून तो थांबणार, असा वाचकांचा समज असतो. (काही वाचक त्यातूनही सोयीचा सोडा काढतात, तो भाग वेगळा.) वैद्यकशास्त्राचे मत तेच आहे. दारूचे अमुक प्रमाण निर्धोक असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. तरीही शनिवारी संध्याकाळी आपल्या गावच्या परमिट रूममध्ये बसायला जागा मिळत नाही. आजचा लेख त्या बसलेल्या मंडळींसाठी आहे.

या मंडळींची एक गंमत मी नेहमी पाहतो. क्वार्टर आली की तिचे सील शाबूत आहे का, हे ती उजेडात धरून पाहतात. हे योग्यच आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाड-मालवणीला विषारी हातभट्टीने शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा संशय घेतलेला बरा. पण सील पाहून झाले की चौकशी संपते. पेल्यात पडणारा बर्फ कुठला, कढईतले तेल केव्हाचे, पेग मापाने ओतला की अंदाजाने, हे कोणी विचारत नाही.

आधी मापाचे पाहू. 'डॉक्टर, मी फक्त बीअर घेतो' असे सांगणारे रुग्ण मला आठवड्याला भेटतात. बीअर म्हणजे जवाचे पाणी, अशी त्यांची समजूत. हिशेब करा. स्ट्राँग बीअरमध्ये अल्कोहोल आठ टक्क्यांपर्यंत असते. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ते ५२ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम भरते. व्हिस्की किंवा रममध्ये प्रमाण ४२.८ टक्के, पण ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये अल्कोहोल येते सुमारे २० ग्रॅम. म्हणजे स्ट्राँग बीअरची एक बाटली दोन लार्ज पेगांच्या बरोबरीची झाली! आपले यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅम अल्कोहोलचा निपटारा करते. तेव्हा ही एक बाटली अंगातून जायला पाच तासांहून जास्त लागतात. लिंबू चोखून, पान खाऊन किंवा तोंडावर पाणी मारून हा वेग वाढत नाही. वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात. दंड परवडला म्हणायची वेळ मी अपघाताच्या केसमध्ये पाहिली आहे.

आता पैशांचे. दुकानात छापील किमतीला मिळणारी पाण्याची बाटली बारमध्ये जादा दराने का, यावर टेबलाटेबलावर वाद होतात. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हॉटेलवाल्याला बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त दर लावता येतो, कारण तो नुसते पाणी विकत नाही, त्याबरोबर बसण्याची जागा आणि सेवाही देतो. मला हा निर्णय पटतो. पण मग ही सेवा म्हणजे काय? माझ्या मते रंगीत दिवे, गार हवा आणि मोठा टीव्ही म्हणजे सेवा नव्हे. धुतलेला पेला, स्वच्छ बर्फ, ताजे तेल आणि खरे माप ही सेवा. जादा पैसे त्याचे मोजलेले असतात, म्हणून ते मागून घ्यायला लाजू नये. दहा रुपयांसाठी वेटरवर आवाज चढवणारा माणूस पेगमेजर समोर वापरायला सांगताना मात्र संकोचतो, हे मला कोडेच आहे. बिलावर सेवा शुल्क परस्पर लावले असेल तर ते सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही बिलावर असावा लागतो. तो नसेल तर स्वयंपाकघराबद्दल काय ते समजा.

बर्फाचे प्रकरण मला सर्वांत जास्त सतावते. 'दारूत जंतू मरतात' हे वाक्य मी सुशिक्षितांकडूनही ऐकले आहे. पाणी-सोडा घातलेल्या पेगमध्ये अल्कोहोल इतके पातळ होते की त्याने जंतू मरतील अशी आशा धरू नये. बर्फात तर ते गोठून सुखाने राहतात. कारखान्यातल्या लादीचा बर्फ मासळी गार ठेवण्यासाठीही जातो, आणि गोणपाटात गुंडाळून, फरशीवर फोडून पेल्यातही येतो. न खाण्याच्या बर्फाला निळा रंग द्यावा, असा आदेश आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये काढला. तो गावोगाव किती पाळला जातो, हे आपण डोळ्यांनी पाहावे. एखाद्या पिणाऱ्याला कावीळ झाली की घरचे दारूला शिव्या देतात. दारूने यकृत बिघडते हे खरेच, पण ताप, मळमळ आणि पिवळे डोळे घेऊन येणाऱ्या कित्येकांची कावीळ दूषित पाण्यातून आलेली असते. ती घरच्या गरोदर बाईला झाली तर जिवावर बेतू शकते. शंका वाटली तर बर्फ नको म्हणा आणि सीलबंद पाणी घ्या.

चखण्याबद्दल थोडक्यात. खारे दाणे आणि मसाला पापड तहान वाढवतात, तहान पुढचा पेग मागवते. रक्तदाब असलेल्यांनी साधे फुटाणे, उकडलेले अंडे घ्यावे. कापलेली काकडी कोणत्या पाण्याने धुतली, हे मात्र पाहावे. तळणीचे तेल किती वापरावे याला जुलै २०१८ पासून कायदेशीर मर्यादा आहे, पण ती मोजायला यंत्र लागते. आपल्याला नाक पुरते. तेल काळे, चिकट, फेस येणारे असेल आणि पदार्थ खाल्ल्यावर घसा खवखवत असेल तर ते कढईत फार दिवस आहे. लालभडक लॉलीपॉप पाहून मला भूक लागत नाही.

आणि मधुमेहींनो, ही एक गोष्ट लक्षपूर्वक वाचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन, जेवण न करता प्यायला बसलात तर रक्तातील साखर धोकादायक खाली उतरू शकते, कारण दारू रिचवण्यात गुंतलेले यकृत नवी साखर तयार करत नाही. घाम येतो, बोलणे अडखळते, तोल जातो, माणूस पडतो. पाहणाऱ्याला वाटते, चढली. असाच एक गृहस्थ रात्री माझ्याकडे आणला गेला. सोबत्यांनी दोन तास त्याला ओट्यावर 'उतरू दे' म्हणून निजवले होते. तपासली तेव्हा साखर ३४ होती. सुदैवाने तो वाचला, पण आणखी उशीर झाला असता तर मेंदूला कायमची इजा झाली असती. तेव्हा मधुमेही सोबती असा वागू लागला आणि शुद्धीवर असेल, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. साखर दिल्यावर हुशारी आली तरी त्याला थेट घरी नेऊन झोपवू नये, दवाखान्यात न्यावे. या गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो आणि पहाटे साखर पुन्हा उतरते.