गुळपोळी नको, वडा चालेल

मैत्रिणींनो, लोणच्याच्या बरणीपासून बिरड्याच्या मोडांपर्यंत या पानावर मी पुष्कळ लिहिलं. शॅम्पेनबरोबर ताटात काय वाढावं हे लिहायची पाळी येईल असं मात्र स्वप्नातही नव्हतं. नाक मुरडू नका, आधी काय झालं ते ऐका.

माझी धाकटी जाऊ दिंडोरीकडची. तिच्या वडिलांची द्राक्षबाग आहे आणि त्यांची द्राक्षं वाईनच्या कारखान्यात जातात. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला ती आमच्याकडे भिसेगावला आली. हलव्याचे दागिने झाले, वाण झालं, आणि संध्याकाळी तिने पिशवीतून एक जाड काचेची बाटली काढून ओट्यावर ठेवली. "ताई, आमच्या बागेतल्या द्राक्षांची आहे. तोडणी चालू आहे म्हणून बाबांना येता आलं नाही. त्यांनी पाठवलीय."

सासूबाईंनी बाटली पाहिली मात्र, घरातलं वारंच फिरलं. त्यांच्या धाकट्या भावाचा संसार दारूने धुऊन नेला. भावजयीची मंगळसूत्राची वाटीसुद्धा राहिली नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. "या घराच्या उंबऱ्याआत बाटली आली नाही, येणार नाही," एवढंच बोलून त्या देवघरात गेल्या. पोरीचे डोळे भरले. तिच्या दृष्टीने ती दारू नव्हतीच, बापाच्या कष्टाचं पीक होतं. आता मी थोरली! दोघींपैकी चुकीची कोणाला म्हणू?

रात्री भांडी आवरताना तिच्याकडून सगळं समजून घेतलं, तेच तुम्हालाही सांगते. शॅम्पेन हे नाव खरं म्हणजे फ्रान्समधल्या त्या नावाच्या प्रांताचं. तिथे, तिथल्याच द्राक्षांची झाली तरच ती शॅम्पेन, एरवी नुसती स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणारी वाईन. आपल्याकडे १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच जाणकारांच्या मदतीने ती करायला घेतली आणि 'ओमर खय्याम' नावाने परदेशात विकलीसुद्धा. तो कारखाना पुढे बुडाला. पण २००० च्या सुमारास नाशिककडे सुला आली, २०१३ मध्ये फ्रान्सची शांदों दिंडोरीत आली. या वाईनसाठी द्राक्षं जराशी आंबट असतानाच तोडतात. एकदा आंबवलेला रस बाटलीत भरून त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि बूच पक्कं लावतात. आत पुन्हा आंबण्याची क्रिया होते, वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो रसातच मुरतो. इडलीचं पीठ फुगतं ना, तीच गंमत, फक्त डब्याचं झाकण घट्ट!

म्हणजे या पेयात दोन गुण: आंबटपणा आणि बुडबुडे. हे कळलं आणि माझं काम सोपं झालं. तळलेल्या बांगड्याबरोबर आपण सोलकढी का घेतो? भज्यांबरोबर चिंचेची चटणी का लागते? आंबट चव जिभेवरचं तेल कापते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. फसफसणारी वाईन तेच काम करते, वर बुडबुड्यांनी तोंड स्वच्छ होतं ते वेगळंच. तेव्हा तिच्याबरोबर हवं खारट, तळलेलं, कुरकुरीत. आणि कर्जतच्या माणसाला तळलेलं म्हटलं की दुसरं काय आठवणार? घाट चढण्यासाठी पुण्याच्या गाड्यांना मागून जादा इंजिन लावायला इथे थांबावं लागे, तेवढ्यात फलाटावर दिवाडकरांचा वडा हातात पडे. तो वडा पिढ्यान्‌पिढ्या प्रवाशांना ठाऊक आहे. फ्रान्सच्या लोकांना मात्र त्याची खबर नाही, हे त्यांचं दुर्दैव.

आता बाटली उघडायची कुठे? मी सासूबाईंना विचारलं, "आई, उद्या किंक्रांत. शेतावर पोपटी लावू या का? उंबऱ्याच्या आत काही येणार नाही." त्या काही बोलल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत.

पोपटी आम्हा रायगडकरांना सांगायला नको, पण लांबच्या मैत्रिणींसाठी सांगते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, अंडी, ज्यांना चालतं त्यांनी मसाला लावलेली कोंबडी, थरांमधून जाडं मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारा, चुर्र आवाज आला की झाली. धुराचा वास, मीठ, ओवा, आणि तिखट बेताचं. या वाईनला याहून चांगला शेजार मिळणार नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय.

वडे मी घरूनच तळून नेले. मिरच्या निम्म्याच घातल्या, आणि लसणीची लाल चटणी मुद्दाम घरी ठेवली. तिखट तोंडात बुडबुडे गेले की आग आणखी भडकते. म्हणून ठेचा, मिसळ, झणझणीत रस्सा यांच्याबरोबर ही बाटली उघडूच नका. साबुदाण्याच्या पापड्या, कोथिंबीर वडी, रव्यात घोळून तळलेले बोंबील, खारे काजू हे सगळं जमतं. अळूवडीत चिंच-गूळ जास्त असेल तर जरा जपून.

आणि गोड? वाढदिवसाला केक आणि शॅम्पेन हे सिनेमात दिसतं, पण ती जोडी मुळातच चुकीची. बाटलीवर 'ब्रूट' लिहिलं असेल तर त्यात साखर फारच कमी असते, लिटरला १२ ग्रॅमच्या आत. गोड खाऊन वर ती प्यायली की निव्वळ आंबटढाण लागते. आमच्या भावोजींनी ऐकलं नाही. तिळगूळ तोंडात टाकून वर घोट घेतला, आणि कैरी चावल्यासारखा चेहरा झाला! गोडाबरोबर द्यायचीच असेल तर 'डेमी सेक' लिहिलेली गोडसर बाटली घ्यावी. तरी गुळपोळीपुढे तीही टिकेलसं मला वाटत नाही.

बाटली चांगली गार हवी. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून अर्धा तास बुडवून ठेवा. मी बर्फ बाजारातल्या कोळणीकडून आणला. प्रवासात हिंदकळलेली बाटली लगेच उघडू नये. आत मोटारीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट दाब असतो, बूच डोळ्यावर बसलं तर सण राहील बाजूला. वरची तार सैल केल्यापासून बुचावरचा अंगठा काढू नका. वर पंचा टाका, बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडून बाटली फिरवा. मोठा फटाका नको, हलकासा फुस्स आवाज आला पाहिजे. पेले आधी नुसत्या गरम पाण्याने धुऊन घ्या, साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो.

मीही दोन घोट घेतले. चव न घेता तुम्हाला कसं सांगणार? दोनच, कारण दुसऱ्या दिवशी शाळेत माझा पहिलाच तास होता. न पिणाऱ्यांसाठी आमसुलाचं सार गाळून, गार करून, त्यात मीठ, किंचित साखर आणि आयत्या वेळी सोडा घातला. तोच आंबटपणा, तेच बुडबुडे. वड्याबरोबर ते इतकं छान लागलं की मुलांनी तीनदा मागितलं. ज्यांच्या घरी बाटली येणार नाही त्यांनी हे जरूर करून पाहावं.

सासूबाई बांधावर बसून शेंगा सोलत होत्या. जावेने त्यांना आमसुलाचा पेला दिला आणि तिथेच टेकली. द्राक्षांची छाटणी कधी, औषध किती वेळा मारावं लागतं, अवकाळी पावसाने एका रात्रीत मणी कसे तडकतात, हे त्यांनी एकेक करून विचारून घेतलं. मग तिच्या हातातला दुसरा पेला घेऊन नाकाशी धरला, वास घेतला आणि परत दिला.

"तुझ्या बाबांना सांग," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी नुसती द्राक्षंच पाठवा. पेटीभर."

पेटी फाल्गुनात आली. दोन घोस सासूबाईंनी देवापुढे ठेवले.