स्नेह, यंत्र आणि हमीपत्र

संस्कृत भाषेंत 'स्नेह' या एकाच शब्दानें तेल आणि प्रेम या दोहोंचाही बोध होतो. परंतु हा स्नेह कधीं कधीं कलहाचें मूळ होतो, असें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्रावरून दिसून आलें. रिसोड तालुक्यांतील या गृहस्थानें सोयाबीनच्या पैशांतून नवी मोटरसायकल घेतली. तिच्यावरूनच त्याची कन्या रोज महाविद्यालयांत जाते. वॉरंटीची मुदत चालू असतांना त्यानें बाजारांतून दुसऱ्या कंपनीचें सिंथेटिक ऑइल आणून इंजिनांत घातलें. पुढें कांहीं महिन्यांनीं गाडीचें वेगमापक मीटर बंद पडलें. तेव्हां विक्रेत्यानें "बाहेरचें ऑइल घातलेंत, वॉरंटी संपली" असें सांगून हात झटकले. हें म्हणणें न्यायाचें आहे काय, असा त्याचा प्रश्न आहे. हीच अडचण अनेक घरांत येत असल्यामुळें त्याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्याच्या भारानें फांदी मोडली असें ठरत नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं यालाच काकतालीय न्याय म्हटलें आहे. इंजिनांतील तेल आणि हँडलवरील मीटर यांचा कार्यकारणसंबंध कोणता, हें विक्रेत्यास सांगतां आलें पाहिजे. तो सांगतां येत नसेल, तर तेलाचें निमित्त पुढें करणें हा केवळ बहाणा होय. मात्र क्लच घसरूं लागला किंवा पिस्टन जळाला, तर प्रश्न निराळा. तेथें तेलाचा संबंध संभवतो आणि कंपनीनें चौकशी करावी हें योग्यच आहे.

म्हणून तेलाचें थोडें ज्ञान हवें. मोटारींत इंजिनाचें आणि गिअरांचें तेल सामान्यतः वेगवेगळें असतें. बहुतेक मोटरसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच हीं तिन्हीं एकाच तेलांत बुडालेलीं असतात. मोटारींच्या कित्येक तेलांत घर्षण फार कमी करणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. तीं क्लचच्या चकत्यांस मिळालीं कीं क्लच घसरूं लागतो. यासाठीं जपानी मानकसंस्थेनें 'जासो' या नांवाच्या श्रेणी ठरविल्या आहेत. ओल्या क्लचच्या मोटरसायकलीस 'एमए' किंवा 'एमए२' आणि गिअर नसलेल्या स्कूटरीस बहुधा 'एमबी', अशी ही विभागणी आहे. डब्यावरील '१०डब्ल्यू-३०' या अंकांतील 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, अर्थात् हिवाळा. पहिला अंक थंडींत तेल किती सहज वाहतें तें सांगतो, आणि दुसरा १०० अंश सेल्सियसला त्याचा दाटपणा केवढा राहतो तें दर्शवितो. सिंथेटिक तेल रासायनिक प्रक्रियेनें घडविलेलें असल्यामुळें उष्णतेंत लवकर बिघडत नाहीं. वऱ्हाडांतील उन्हाळ्यांत हा गुण उपयोगी खराच. परंतु तेवढ्यावरून तेल बदलण्याची मुदत आपल्या मनानें लांबवूं नये. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत जितके किलोमीटर लिहिले असतील, तितकेच प्रमाण मानावे.

आतां कायद्याकडे वळूं. अमेरिकेंत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानें एक नियम घातला. अमुकच छापाची वस्तु वापरली तरच हमी चालेल अशी अट, ती वस्तु फुकट पुरविल्यावांचून किंवा सरकारी सूट मिळाल्यावांचून, उत्पादकास घालतां येत नाहीं. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत एक वस्तु घेण्यासाठीं दुसरी घेण्याची सक्ति करणें ही निर्बंधक व्यापारप्रथा मानिली आहे. तत्पूर्वी २५ ऑगस्ट २०१४ रोजीं भारतीय स्पर्धा आयोगानें सुटे भाग आणि दुरुस्ती यांच्या बाबतींतील अडवणुकीबद्दल चौदा मोटार कंपन्यांस सुमारें २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून हमी रद्द करण्याच्या प्रथेचाही त्यांत विचार झाला होता. प्रकरण पुढें अपिलांत गेलें आणि तो निर्णय मोटारींचा होता, मोटरसायकलींचा नव्हे, हें लक्षांत ठेवावें. तथापि त्यावरून न्यायाची दिशा कळते. कंपनीस तेलाचा दर्जा ठरविण्याचा अधिकार आहे. आपल्याच छापाचा डबा ग्राहकाच्या गळ्यांत बांधण्याचा अधिकार त्यांतून आपोआप निघत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं असें कळविलें आहे कीं, प्रथम विक्रेत्याकडून नकार आणि त्याचें कारण लेखी मागावें, आणि त्याची एक प्रत कंपनीस धाडावी. दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक सहाय्य क्रमांकावर कळवावें. त्यानेंही भागलें नाहीं तर वाशीमचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्यानें ग्राहकास तो जेथें राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करतां येते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत करावयाची असते, आणि पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क पडत नाहीं.

पण आयोगापुढें उभें राहावयाचें तर हातांत पुरावा हवा. तेलाचें बिल, डब्यावरील श्रेणीचें छायाचित्र आणि तेल बदललें तो दिनांक व किलोमीटर, हें सर्व एका वहींत जपून ठेवावें. बिल न देणाऱ्या दुकानांतून तेल घेऊंच नये. नामांकित छापाच्या डब्यांत बनावट तेल मिळाल्याचे प्रकार सर्वश्रुत आहेत. शिवाय हमीच्या मुदतींत ठरलेली सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणींच करवावी. ती चुकली तर कंपनीस नकाराचें खरें कारण आपणच दिल्यासारखें होतें. तेथेंच आपल्या पसंतीचें तेल घालावयाचें झाल्यास कामाच्या कागदावर त्याची नोंद करवून घ्यावी.

रोज गांवाहून शहरापर्यंत जाऊन येणाऱ्या साध्या गाडीस महागडें सिंथेटिक तेल आवश्यकच आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. तें घालावें कीं घालूं नये हें ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडावें. मात्र घालण्यापूर्वी पुस्तिकेंतील वॉरंटीच्या अटी घरांतील एका तरी माणसानें शेवटपर्यंत वाचाव्या.