टोमण्यांची तलवारबाजी

या सुट्टीत एक जुना गेम खेळून बघा: ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’. रॉन गिल्बर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो १९९० साली केला. माउसने चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करायचं आणि डोकं चालवून वाट काढायची. त्यातली तलवारबाजी मनगटाच्या जोरावर जिंकता येत नाही. समोरचा टोमणा मारतो. त्याला चपखल उत्तर दिलं की सरशी तुमची. आपल्या तमाशातले सवाल-जवाबच म्हणा ना!

२००९मध्ये याची नवी आवृत्ती आली. चित्रं नव्याने रंगवलेली, पात्रांना आवाज दिलेले. पण एक बटण दाबलं की जुनी ठिपक्यांची चित्रं परत येतात आणि पात्रं मुकी होतात. बुधवाऱ्यात आमच्या घरी हीच मुकी पात्रं लाडकी आहेत. त्यांचे संवाद कुणीतरी मोठ्याने वाचावेच लागतात, शिवाय इंग्रजी टोमणा मराठीत आणावा लागतो. दिवसभर शाळेत, गल्लीत हिंदी बोलणारी पोरं मग नेमक्या मराठी शब्दासाठी आजीला हाक मारतात.

नवी आवृत्ती देखणी आहे, जरूर खेळा. कोडं अडलं की युक्ती सांगणारं बटणही तिच्यात आहे. ते मात्र लगेच दाबू नका. आणि टोमण्याला उत्तर सुचलं नाही, तर घरातल्या मोठ्यांना विचारा. त्यात त्यांचा हात कोण धरणार?