यजमानपद परत मिळालं, हंगाम कोण परत देणार?

बर्फावरचं स्केटिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गिरक्या घेणारी एकटी मुलगी येते, नाहीतर हातात हात घातलेली जोडी. हिवाळी ऑलिम्पिक आलं की त्यांचे व्हिडिओ आपल्या फोनपर्यंत पोचतात. पण याच खेळाचा एक प्रकार असाही आहे, ज्यात १६ जण एकाच वेळी बर्फावर उतरतात. त्याला सिंक्रोनाइज्ड स्केटिंग म्हणतात. तो ऑलिम्पिकमध्ये नाही, म्हणून आपल्या फोनवरही नाही.

नाही तर नाही, काय बिघडलं? असं कुणी विचारेल. काय बिघडतं ते २०२० ते २०२२ या तीन हंगामांत स्पष्ट दिसलं. म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट.

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं गाव आहे. तिथे १९५६ मध्ये याची सुरुवात झाली. पहिली जागतिक स्पर्धा २००० साली मिनियापोलिसला झाली आणि ती स्वीडनच्या ‘टीम सरप्राइज’ने जिंकली. संघात स्त्री-पुरुष दोघेही चालतात, पण बहुतेक संघ मुलींचेच असतात. साठ मीटर बाय तीस मीटरचा बर्फ आणि १६ जणींच्या पायांत धारदार पाती. कधी एकमेकींना धरून चक्र फिरवायचं, कधी रांग करायची, कधी काही जणींनी मिळून एकीला वर उचलायचं. सगळ्यात अंगावर काटा आणणारा प्रकार म्हणजे छेद. आठ-आठ जणींच्या दोन रांगा समोरासमोर वेगाने येतात आणि गिरकी घेत एकमेकींमधल्या फटींतून आरपार जातात. एकीची वेळ चुकली की टक्कर. आपल्याकडे थरात एकाचा पाय लटपटला की काय होतं हे कुणाला सांगायला नको, तसंच हे. फरक एवढाच, की इथे थर आडवा आहे आणि पळता आहे.

या खेळाचा हंगाम कसा असतो? उन्हाळ्यात संघ निवडायचा, एक छोटा आणि एक मोठा असे दोन प्रोग्राम बसवायचे. हिवाळाभर युरोप-अमेरिकेतल्या स्पर्धा, मग आपल्या देशाची राष्ट्रीय स्पर्धा आणि शेवटी मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये जागतिक स्पर्धा. एका देशाचे जास्तीत जास्त दोन संघ. यापुढे काही नाही. ना ऑलिम्पिक, ना पैसेवाली लीग. बऱ्याच जणी कॉलेज किंवा नोकरी सांभाळून सराव करतात. हंगाम संपला की काही जणी खेळ सोडतात, नव्या येतात. तीच १६ माणसं पुढच्या वर्षी पुन्हा एकत्र येत नाहीत. म्हणजे त्या संघासाठी तो हंगाम एकदाच असतो.

आता २०२० कडे या. एप्रिलच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला जागतिक स्पर्धा होणार होती. कोरोनामुळे रद्द झाली. तेव्हा सगळंच रद्द होत होतं. एकेरी आणि जोड्यांची मॉन्ट्रियलची जागतिक स्पर्धासुद्धा गेली. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही, असूही नये.

खरी गोष्ट २०२१ ची. त्या मार्चमध्ये एकेरी आणि जोड्यांची जागतिक स्पर्धा स्टॉकहोममध्ये झाली. प्रेक्षक नाहीत, खेळाडू बाहेरच्या जगापासून तोडलेले, पण झाली. त्याच वर्षी झाग्रेबला व्हायची सिंक्रोनाइज्डची जागतिक स्पर्धा मात्र पुन्हा रद्द. दोन्ही स्पर्धा एकाच संघटनेच्या, आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनच्या.

इथे प्रामाणिकपणे एक मान्य करायला हवं. १६ जणींनी एकमेकींचे हात धरून खेळायचा हा खेळ, साथीच्या काळात त्याचा धोका जास्तच. कित्येक देशांत संघांना एकत्र सराव करायलाही बंदी होती. तेव्हा झाग्रेबचा निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही.

पण स्टॉकहोमच्या मागे एक जोर होता, तो विसरू नका. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कुठल्या देशाला किती जागा, हे बरंचसं त्याच स्पर्धेवर ठरायचं होतं. ऑलिम्पिक मागे उभं असलं की मार्ग निघतो, बंद दाराआड का होईना खेळ होतो. टोकियो ऑलिम्पिकच बघा ना, अख्खं वर्षभर पुढे ढकललं, पण घेतलं. ज्यांच्या मागे ऑलिम्पिक नाही त्यांना ‘पुढच्या वर्षी बघू’ असं सांगितलं जातं.

आणि पुढे काय झालं? लेक प्लॅसिडला २०२३ ची जागतिक स्पर्धा मिळाली, झाग्रेबला २०२४ ची. दोन्ही शहरांना यजमानपद परत मिळालं. पण २०२० आणि २०२१ च्या संघांतल्या ज्या मुलींचं तेच शेवटचं वर्ष होतं, त्यांना काय परत मिळालं? रद्द स्पर्धेची भरपाई शहराला करता येते, संघाला नाही. कारण तो संघच उरत नाही.

२०२२ च्या एप्रिलमध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला अखेर जागतिक स्पर्धा भरली. मॉन्ट्रियलच्या ‘ले सुप्रीम’ने घरच्या प्रेक्षकांसमोर पहिलं जागतिक विजेतेपद घेतलं आणि पुढच्या वर्षी ते राखलं. पण आधीचा विजेता संघ तिथे नव्हता. सेंट पीटर्सबर्गचा ‘पॅराडाईज’ २०१६, २०१७ आणि २०१९ असा तीनदा जिंकलेला. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर १ मार्च २०२२ ला रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंवर बंदी आली.

माझ्या मते ती बंदी बरोबरच होती. शेजारच्या देशात रणगाडे घुसवायचे आणि स्वतःचा झेंडा घेऊन बर्फावर नाचायचं, हे चालणार नाही. तरी एक फरक नोंदवून ठेवा. रशियाच्या एकेरी आणि जोडीतल्या खेळाडूंना फेब्रुवारीत बीजिंग मिळून गेलं होतं. सिंक्रोनाइज्डवाल्यांची २०१९ नंतर एकही जागतिक स्पर्धा झाली नव्हती. पुढे मार्च २०२३ मध्ये ऑलिम्पिक समितीने ‘वैयक्तिक तटस्थ खेळाडू’ म्हणून परतण्याची वाट सुचवली, त्यात संघांना जागा नव्हती. निर्णय सगळ्यांना सारखा, पण ज्यांच्याकडे वर्षात एकच दिवस असतो त्यांना तो जास्त लागतो.

मग घ्या की ऑलिम्पिकमध्ये! अडतं कुठे? आकड्यांत. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये साधारण २,९०० खेळाडूंचीच मर्यादा आहे. २०२६ च्या मिलान-कोर्टिनासाठी फिगर स्केटिंगच्या सगळ्या प्रकारांना मिळून १४२ जागा होत्या. सिंक्रोनाइज्डचे नुसते दहा संघ घेतले तरी १६० होतात. त्याच ऑलिम्पिकसाठी स्की माउंटेनियरिंग हा नवा खेळ घेतला गेला, सिंक्रोनाइज्ड बाहेरच राहिलं.

पण आकडा हेच कारण मला पूर्ण पटत नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आपलं क्रिकेट आलं. सहा संघ, प्रत्येकी १५ खेळाडू, म्हणजे पुरुषांचे ९० आणि महिलांचे ९०. उन्हाळी ऑलिम्पिक मोठं असतं, यजमान शहराला खेळ सुचवायचा हक्क असतो, हे सगळं खरं. तरी मोठा संघ हीच अडचण असती तर क्रिकेटला दार उघडलं नसतं. क्रिकेटमागे आपल्यासारखे कोट्यवधी प्रेक्षक आणि टीव्हीचा पैसा आहे. १६ जणी एकसारख्या दिसाव्यात हाच ज्या खेळाचा कस, त्यात जाहिरातीला चेहरा कुणाचा घेणार? मला वाटतं, खरी अडचण ही आहे.

आपल्याला हे दुखणं नवं नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, कर्णधार महाराष्ट्राचेच, प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे. कौतुक झालं, आणि आठवड्याभरात आपण विसरलो. ‘ऑलिम्पिकमध्ये आहे का?’ हा प्रश्न आपणही पहिला विचारतोच की!

माझं म्हणणं साधं आहे. सहा संघ घ्या, १६ गुणिले ६, ९६ खेळाडू. संघ लहान करून ऑलिम्पिकमध्ये शिरण्यात अर्थ नाही, कारण १६ जणींचा मेळ हाच तर खेळ आहे. आणि ते होईपर्यंत स्केटिंग युनियनने एवढं तरी ठरवावं, की पुन्हा संकट आलं तर ज्या खेळाडूंना जागतिक स्पर्धेपलीकडे काहीच नाही, त्यांची स्पर्धा सगळ्यात आधी रद्द होणार नाही. निदान त्याच वर्षी दुसरी तारीख शोधायचा प्रयत्न तरी होईल.

ऑलिम्पिक ही खेळाची मोजपट्टी नाही, फक्त सगळ्यात मोठं दुकान आहे. दुकानात नसलेला मालही अस्सल असू शकतो. यूट्यूबवर ‘ले सुप्रीम’चा २०२२ चा कार्यक्रम शोधा, दोन रांगा एकमेकींतून आरपार जातात तो क्षण बघा, आणि मग हा खेळ ऑलिम्पिकमध्ये हवा की नको ते खाली लिहा. पटलं नाही तरी लिहा.