हंगामी कामगाराची भरपगारी रजा: १८० दिवसांचं गणित

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्यासारख्या सहकारी साखर कारखान्यांत गाळप साधारण चार-पाच महिनेच चालतं. मग हंगामी कामगाराला भरपगारी रजा मिळते का?

१९४८ च्या कारखाने कायद्यात त्यासाठी वर्षाला २४० दिवस काम लागायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही अट १८० दिवसांवर आली. अट पूर्ण झाली की दर २० दिवसांमागे एक रजा. म्हणजे १८० दिवस भरले तर ९ रजा, १५० भरले तर शून्य. शिवाय दिवस जानेवारी ते डिसेंबर मोजतात, हंगामानुसार नाही.

थोडक्यात, कायदा सैल झाला, तरी फक्त गाळपापुरतं काम असलेला कामगार बाहेरच राहतो. त्याची भिस्त वेतन करारावरच.