चार बोटांची फट

मोटारीकडे पाहणाऱ्यांचे दोन वर्ग असतात. एकाला गाडीत माणसे किती मावतील ते दिसते, दुसऱ्याला चाक आणि त्यावरचा मडगार्ड यांच्यामधली फट दिसते. दुसऱ्या वर्गात बहुतेक विशी-पंचविशीची मुले असतात. आपल्याकडे कारखान्यातून येणाऱ्या गाडीला ही फट चांगली चार बोटांची असते आणि ती या मुलांच्या डोळ्यांत खुपते. घोट्याच्या वर चढलेला लेंगा घातल्यासारखी गाडी दिसते, असे त्यांचे म्हणणे. दिसतेही. मग आखूड स्प्रिंगा मागवल्या जातात, गाडी तीस-चाळीस मिलिमीटरने खाली बसते आणि खरोखरच रुबाबदार दिसू लागते. हौसेच्या विरोधात मी नाही. मला खटकते ते या हौसेच्या पोटात दडलेले एक लहानसे काम. त्याची घरात कुणाला कल्पनाच नसते.

शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअपच्या, दांड्यावर रबराचा किंवा फोमसारख्या पॉलियुरेथेनचा एक गट्टू ओवलेला असतो. त्याला बंप स्टॉप म्हणतात. मोठ्या खड्ड्यात चाक जोरात वर उचलले गेले, की लोखंडावर लोखंड आपटण्याआधी हा गट्टू मध्ये येतो. त्याचे टोक निमुळते आणि मऊ असते, बूड जाड. त्यामुळे तो आधी हलकेच दबतो, मग हळूहळू कडक होत जातो. टायर मडगार्डला घासू न देणे, शॉकअपच्या आतला पिस्टन तळावर आपटू न देणे, ही कामे त्याचीच. शिवाय आजच्या बऱ्याच गाड्यांत तो नुसता शेवटचा पहारेकरी नसतो. गाडी भरली, की तो स्प्रिंगच्या जोडीने भार उचलू लागतो.

आता आखूड स्प्रिंग बसवली, की काय होते? गाडी खाली आली म्हणजे गट्टू तितकाच जवळ आला. म्हणून मेकॅनिक तो काढतो, धारदार सुरीने त्याचा तुकडा उडवतो आणि परत बसवतो. यात लबाडी काही नाही. चांगल्या स्प्रिंगा बनवणाऱ्या कंपन्याच काही गाड्यांसाठी गट्टू अमुक मिलिमीटर आखूड करा, असे सूचनापत्रकात छापतात. काही जण आखूड गट्टू सोबतच देतात. न कापणे हीदेखील सुरक्षितता नव्हे, हे मुद्दाम सांगायला हवे. गट्टू तसाच राहिला तर गाडी सतत त्याच्यावर टेकलेली राहते. वळणावर भार बाहेरच्या चाकावर येतो, स्प्रिंग दबता दबता मध्येच गट्टू लागतो आणि ते चाक एकदम ताठ होते. मागच्या बाजूला असे घडले, की टायरची पकड सुटून गाडीची शेपूट बाहेर फेकली जाऊ शकते. ताम्हिणी घाटात, पावसात, वळणावरच खड्डा आला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा कापावे की कापू नये, हा वाद फोल आहे. किती कापावे आणि ते कशावरून ठरवावे, हा खरा प्रश्न. आपल्याकडे तो डोळ्यांच्या अंदाजाने सुटतो आणि तोही रिकाम्या गाडीवर. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, रिकामी गाडी उभी असताना मागच्या गट्टूच्या टोकाखाली साठ मिलिमीटर मोकळी जागा आहे आणि गट्टूही साठ मिलिमीटर लांब आहे. दिवाळीत मामाच्या गावी निघालेले कुटुंब मागे तिघे, डिकीत बॅगा, फराळाचे डबे आणि वर एखादे पोते, अशा थाटात बसले की मागची बाजू चाळीसेक मिलिमीटर दबते. तरी वीस उरतात. आता तीच गाडी चाळीस मिलिमीटर खाली आणली. नवी स्प्रिंग जरा कडक असते, म्हणून भाराने चाळीसऐवजी बत्तीस दबेल असे धरू. साठातून चाळीस गेले, बत्तीस गेले. म्हणजे खड्डा येण्याआधी, घराच्या दारातच, गट्टू बारा मिलिमीटर दबलेला आहे. त्यातून वीस कापले तर आठ मिलिमीटर जागा मिळते खरी, पण कापला गेला तो बहुधा मऊ टोकाचा भाग. उरले ते कडक बूड.

कडक स्प्रिंग दणका सोसून घेईल, असे गॅरेजमध्ये हमखास सांगतात. पदार्थविज्ञान तसे म्हणत नाही. तोच दणका निम्म्या अंतरात जिरवायचा, तर स्प्रिंग दुप्पट नव्हे, चौपट कडक लागते. तितकी कडक गाडी विकत घेतलेल्याच्या पाठीलाही सोसणार नाही. म्हणून बाजारातल्या स्प्रिंगा थोड्याच कडक असतात आणि उरलेला दणका शॉकअप, वरची बैठक आणि मागे बसलेल्या आजीचे मणके यांच्यात वाटला जातो. (याहून भयंकर प्रकार म्हणजे मूळ स्प्रिंगचीच एक-दोन वेटोळी ग्राइंडरने उडवणे. चाक लोंबकळले की अशी स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. त्यावर चर्चासुद्धा नको.)

योग्य रीत अवघड नाही, वेळखाऊ आहे. स्प्रिंग काढून ठेवायची, जॅकने चाक हळूहळू वर न्यायचे आणि टायर कुठे लागतो, शॉकअप कुठे संपतो हे मोजायचे. त्याच्या अलीकडे गट्टूने चाक थांबवलेच पाहिजे. मग गाडीत खरोखर चार-पाच माणसे आणि सामान भरायचे आणि पुन्हा मोजायचे. दांड्यावर ग्रीसचा ठिपका लावून नेहमीच्या रस्त्याने फेरी मारली, तर शॉकअप किती आत गेला तेही कळते. असे मोजून हिशेब जमत नसेल, तर गाडी पंधरा-वीस मिलिमीटरच खाली घ्यावी, किंवा घेऊच नये. एवढे करणारी मुले आहेत. गाडीचे त्यांना जेवढे कळते, तेवढे तिच्या बहुतेक मालकांना कळत नसेल.

जर्मनीत हा शौक आपल्यापेक्षा जुना आणि मोठा आहे. तिथे स्प्रिंगेसोबत तपासणीचे प्रमाणपत्र येते, बसवलेले काम टीयूव्हीसारख्या संस्थेचा तज्ज्ञ तपासतो, मग त्याची नोंद गाडीच्या कागदांत होते. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते कडकपणे उचलून धरले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. धाक आहे, पण गाडी न्यावी आणि 'हे नीट झाले आहे का, पाहा' असे विचारावे, अशी खिडकी नाही. मग हौस गुपचूप होते आणि गुपचूप झालेले काम कुणी मोजत नाही.

त्यात आपले गतिरोधक! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, गोलसर असावा. तसा असेल तर चाके स्वतःच त्यावर चढतात आणि पोट वाचते. पण गल्लीत रातोरात उगवणारा अरुंद उंचवटा कोणतेही मानक वाचून आलेला नसतो. आपल्या लहान गाड्यांखाली रिकाम्या स्थितीत साधारण 160 ते 170 मिलिमीटर जागा असते. त्यातून वरचे चाळीस आणि बत्तीस वजा करा.

गाडी विकायची वेळ आली, की मुलगा आखूड स्प्रिंगा काढून मित्राला देतो आणि जपून ठेवलेल्या मूळ स्प्रिंगा परत चढवतो. चार बोटांची फट पुन्हा दिसू लागते. गिऱ्हाईक खाली वाकून पाहते, सगळे कंपनीचेच. कापलेला गट्टू मात्र धूळ अडवणाऱ्या रबरी नळकांड्याच्या आत, जिथल्या तिथे असतो. नवा गट्टू घालायला त्या वेळी फार पैसे पडले नसते, शॉकअप तर उघडलेलाच होता. पण तेवढे कुणाला सुचत नाही आणि कुणाची तरी घरातली पहिली मोटार म्हणून ती गाडी पुढच्या दारात जाऊन उभी राहते.