शाळेचें पातेलें आणि त्याचा हिशेब



थोरांचीं चरित्रें, सहलींचीं वर्णनें आणि विज्ञानाचे चमत्कार आपण शाळेच्या वार्षिकांत दरवर्षीं वाचतां. मी ज्या विषयावर चार शब्द लिहिणार आहें, त्यांत चमत्कार म्हणण्याजोगें कांहींच नाहीं. तो विषय शाळेच्या मागच्या पडवींत रोज सकाळीं शेगडीवर चढतो आणि मधल्या सुट्टींत मुलांच्या ताटांत पडतो. त्याचें सरकारी नांव ‘शालेय पोषण आहार’. मुलें त्यास नुसती ‘खिचडी’ म्हणतात, मग त्या दिवशीं वरणभात कां असेना.

गेल्या वर्षीं एका सुखवस्तु पालकांनीं मला मोठ्या सौजन्यानें सांगितलें, “सर, आमच्या घरीं खायला पुष्कळ आहे. आमच्या मुलीच्या वांट्याची खिचडी एखाद्या गरीब मुलास द्या.” हे शब्द चांगल्या मनांतून आले होते, याविषयीं मला तिळमात्र शंका नाहीं, म्हणून मींही त्या वेळीं मान डोलावली. परंतु आहाराची नोंदवही कांहीं वर्षें माझ्या हातीं आहे, आणि त्या नोंदवहीचें गणित या सद्भावनेच्या अगदीं उलट जातें. तें गणित मांडावें, एवढ्याचसाठीं हा लेख.

शाळेंतलें हें जेवण कालपरवांचें नव्हे. १९२० सालीं पिट्टी त्यागराय चेट्टी हे अध्यक्ष असतां मद्रास शहराच्या कॉर्पोरेशननें थाउजंड लाइट्स भागांतील आपल्या एका शाळेंत मुलांस दुपारचें खाणें देण्याचा ठराव केला. खर्चाची मर्यादा ठरली दर मुलामागें रोज एक आणा. पुढें आणखी चार शाळांत ही सोय झाली आणि त्या पांच शाळांचा पट दोन वर्षांत दुपटीवर गेला. मग १९२५ सालीं वरिष्ठ सरकारनें प्राथमिक शिक्षणाच्या निधींतून हा खर्च करण्यास मनाई केली; जेवण बंद पडलें आणि पटही खालीं आला. कांहीं काळानें सोय पुन्हां सुरू झाली, ती निवडक गरीब मुलांपुरती. आणा कोणत्या खात्यांतून काढावा, एवढ्या एका प्रश्नावर मुलांचीं ताटें रिकामीं झालीं, ही गोष्ट मी वर्गांत इतिहास शिकवितांना मुद्दाम सांगतों. पाठ्यपुस्तकांत ती नसते.

त्याच प्रांतांत कामराज यांनीं १९५६ सालीं ही योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली, आणि १९८२ सालीं एम. जी. रामचंद्रन यांनीं ती कितीतरी पटीनें वाढविली. सगळ्या देशासाठीं योजना आली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. पण तेव्हां बहुतेक राज्यांनीं शिजविलेल्या अन्नाऐवजीं महिन्याकांठीं तीन किलो कोरडें धान्य मुलांच्या हातीं ठेवण्याची पळवाट काढली. आपल्यापैकीं पुष्कळ पालकांनीं आपल्या लहानपणीं तांदळाची ती पिशवी घरीं नेली असेल. घरांत पांच तोंडें असलीं, म्हणजे तीन किलो तांदूळ पांचही तोंडीं जातो. त्यांत आईचा कांहीं दोष नाहीं. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आज्ञा केली कीं, धान्य नको, शिजलेलें अन्न द्या. त्या आज्ञेनंतर शाळेंत पातेलीं आलीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें हें जेवण मुलांचा हक्क ठरला. २०२१ सालीं योजनेचें नांव बदलून ‘पीएम पोषण’ झालें. पातेलें तेंच राहिलें.

आतां हिशेब. पहिली ते पांचवीच्या मुलास ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनें, सहावी ते आठवीच्या मुलास ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनें मिळावीं, असें प्रमाण आहे. तांदूळ केंद्र सरकारकडून येतो. त्याची किंमत शाळेस पडत नाहीं. डाळ, भाजी, तेल, मीठमसाला आणि जळण यांसाठीं दर ताटामागें ठराविक रक्कम मिळते. १ मे २०२५ पासून हा दर लहान मुलांस ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्यांस १० रुपये १७ पैसे असा ठरला. रुपयांतले साठ पैसे केंद्राचे, चाळीस राज्याचे. आपल्या राज्यांत खेडेगांवच्या शाळांस डाळ-तेल-मसाला नेमलेल्या पुरवठादाराकडून मिळतो आणि भाजीपाल्याचे व जळणाचे पैसे तेवढे शाळेच्या हातीं येतात. मोठ्या शहरांत अन्न मध्यवर्ती स्वयंपाकघरांतून गाडीनें येतें. व्यवस्था कोणतीही असो, ताटाची किंमत हीच.

समजा, सहावी ते आठवीचीं दोनशें मुलें जेवलीं. हातांत आले २,०३४ रुपये. दर मुलास ३० ग्रॅम डाळ, म्हणजे सहा किलो. किलोचा भाव १२० रुपये धरला तर ७२० रुपये. भाजी ७५ ग्रॅम, म्हणजे पंधरा किलो. ४० रुपयांनीं ६०० रुपये. तेल साडेसात ग्रॅम, म्हणजे दीड किलो. १५० रुपयांनीं २२५ रुपये. बेरीज १,५४५. उरले ४८९ रुपये. त्यांत मीठ, हळद, मोहरी, तिखट आणि गॅस. इथपर्यंत संसार कसाबसा जमतो. पण आषाढांत भाजी किलोस ८० रुपये झाली, कीं तिचेच १,२०० होतात, आणि गॅस पेटण्यापूर्वींच १११ रुपये तूट येते. मग त्या दिवशीं खिचडींत भाजी शोधावी लागते. ‘आज नुसताच पिवळा भात होता’ अशी तक्रार घरीं आली, तर पालकांनीं त्या आठवड्याचा बाजारभावही एकदां पाहावा.

आतां त्या सुखवस्तु पालकांच्या विनंतीकडे वळूं. दोनशेंपैकीं सत्तर मुलें डबा उघडून बाजूस बसलीं आणि एकशें तीस जेवलीं, तर पैसे एकशें तीस ताटांचेच पडतात. सत्तर ताटांचे पैसे दुसऱ्या कोणा गरीब मुलाकडे जात नाहींत. ते मुळीं येतच नाहींत. ज्या मुलीनें आपला वांटा सोडला, तिचा वांटा शिजतच नाहीं. वरच्याच भावानें हिशेब केला, तर डाळ, भाजी, तेल वजा जातां मसाल्यासाठीं आणि गॅससाठीं ४८९ रुपयांच्या जागीं सुमारें ३१८ रुपये उरतात. पातेलें मात्र तेंच, आणि तें उकळी येईपर्यंत गॅस थोडाच कमी जळतो. भाजी थोडी घेतली, कीं मंडईंतला बागवानही भाव सोडीत नाहीं. अर्थात् जेवणाऱ्या गरीब मुलाचें ताट सोडून गेलेल्या मुलांमुळें भरत नाहीं, उलट थोडें हलकेंच होतें.

पैशांचा हा प्रश्न लहान म्हणावा, असा दुसरा प्रश्न आहे. कोणतें मूल गरीब, हें कोणी ठरवावयाचें? इंग्लंडांत १९०६ च्या कायद्यानें शाळेंत जेवण देण्याची मोकळीक मिळाली, तेव्हां ज्यांस देतां येईल त्यांनीं पैसे द्यावे आणि ज्यांस येत नाहीं त्यांस फुकट द्यावें, असें ठरलें. ऐकावयास हें किती न्याय्य वाटतें! परंतु मग घरोघर चौकशी आली, आणि मुलाच्या हातांतलें ताट म्हणजे बापाच्या मिळकतीची पाटी झाली. अमेरिकेंत १९४६ च्या कायद्यानें देशभर ही सोय झाली. तेथेंही फुकट, सवलतीचें आणि पूर्ण किंमतीचें अशीं तीन प्रकारचीं जेवणें, त्यांसाठीं अर्ज, आणि पैसे थकलेल्या मुलांच्या नांवावर उधारी. शेवटीं २०१० च्या कायद्यानें, जेथें गरीब मुलांचें प्रमाण पुष्कळ आहे अशा शाळांस अर्ज न मागतां सर्वांनाच जेवूं घालण्याची वाट मोकळी केली. आपल्या देशानें ही यातायात आरंभापासूनच टाळली. सरकारी व अनुदानित शाळेंत आठवीपर्यंतचें प्रत्येक मूल या ताटाचें हक्कदार आहे. दाखला नको, अर्ज नको. इतकी सोपी, अब्रूची व्यवस्था हातीं असतां, आपणच डब्यांची वेगळी रांग करून तिला पुन्हां गरिबांची पंगत कां करावें?

पंगत हा शब्द मीं विचार करून लिहिला. कोण कोणाच्या हातचें खातो, यावरून या देशांत माणसांच्या शेंकडों पिढ्या नासल्या. सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २००४ मध्यें स्वयंपाकी नेमतांना दलित व आदिवासी स्त्री-पुरुषांस प्राधान्य द्यावें असें सांगितलें, तें याचसाठीं. आणि महाराष्ट्रास तर हें बाहेरून कोणी शिकवावयास नको होतें. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास जें वसतिगृह काढलें, त्यांत नाना जातींचीं मुलें एका पंक्तीस बसत. त्या मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धां मोडलें. आणि घरोघरच्या बायाबापड्यांनीं दळणापूर्वीं मूठभर धान्य बाजूस काढून ‘मुष्टिफंड’ उभा केला.

पालकांच्या मनांत एक खरी भीति असते, ती मी नाकारीत नाहीं. जुलै २०१३ मध्यें बिहारच्या सारण जिल्ह्यांत अशाच जेवणांत कीटकनाशक मिसळलें जाऊन तेवीस मुलें दगावलीं. वाढण्यापूर्वीं शिक्षकानें अन्न चाखावें आणि चवीची नोंद करावी, हा नियम आहे. तो कागदोपत्रीं नव्हे, जिभेनें पाळावयाचा असतो. परंतु ज्यांचा शब्द कचेरींत ऐकला जातो, ते वकील, व्यापारी, शिक्षक आपलीं मुलें पंक्तींतून उठवून नेऊं लागले, तर अळी निघालेल्या तांदळाबद्दल भांडणार कोण? ज्याचें मूल जेवतें, तोच पालक पोतें उघडून पाहतो. माझ्या पाहण्यांत, ज्या वर्षीं सर्व थरांतलीं मुलें जेवूं लागलीं, त्या वर्षीं तांदळाची तक्रार पहिल्याच आठवड्यांत वर गेली आणि पोतीं बदलूनही आलीं.

शेगडीपुढें उभ्या असलेल्या मावशींविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. त्यांचें मानधन २००९ सालीं महिना एक हजार रुपये ठरलें, तेंही वर्षांतले दहा महिने. केंद्रानें आपला वांटा त्यानंतर वाढविला नाहीं. महाराष्ट्रानें २०२३ सालीं स्वतःचे घालून तें अडीच हजारांवर नेलें. शंभर मुलांचा तांदूळ निवडून, शिजवून, वाढून, भांडीं घासणाऱ्या बाईस दिवसाकांठीं काय पडतें, याचा भागाकार पांचवीच्या मुलांस सहज करतां येईल.

मग पालकांनीं पैसा खर्चूं नये काय? जरूर खर्चावा, पण कोठें, तें पाहावें. नोव्हेंबर २०२३ मध्यें आपल्या सरकारनें आठवड्यांतून एकदां अंडें, आणि जें खात नाहीं त्यास केळें, देण्याचें ठरविलें. जानेवारी २०२५ मध्यें त्यासाठींचा निधि काढून घेतला आणि लोकवर्गणींतून करतां आलें तर करा, असें कळविलें. माझ्या मतें हा निर्णय चुकला. मुष्टिफंडाची थोरवी मी वर गाइलीच आहे. परंतु जेथें गांव सधन, तेथें अंडें, आणि जेथें गांव कोरडवाहू, तेथें नुसता भात, असा न्याय सरकारनें करूं नये. रोजचें अन्न सरकारच्या तिजोरींतूनच आलें पाहिजे. वर्गणी शोभते ती त्यावरच्या गोडधोडास.

आणखी एक गोष्ट, जी मला दरवर्षीं जूनमध्यें सलते. आठवीच्या वर्षअखेरीपर्यंत जो मुलगा ताट घेऊन बसला, तो सुट्टीनंतर नववींत येतो, तेव्हां त्याचें नांव आहाराच्या पटांतून गेलेलें असतें. चौदाव्या-पंधराव्या वर्षीं भूक कमी होते, असें कोणत्याही वैद्याच्या पुस्तकांत नाहीं. मुलगा नळावर पाणी पितो आणि ग्रंथालयांत जाऊन बसतो. ‘अभ्यास आहे, सर,’ असें म्हणतो. तामिळनाडूनें दहावीपर्यंतच्या मुलांस १९८४ सालींच पंक्तींत घेतलें. तें राज्य त्यामुळें बुडालें नाहीं. आपल्या पालकसभेनें एक ठराव करून हीच मागणी वर पाठवावी, अशी माझी सूचना आहे. आणि ती पाठवितांना पांचवी ते आठवीचा एकही हक्काचा वांटा वाया गेलेला नाहीं, असा पट सोबत जोडतां आला, तर मागणीस वजन येईल.

तोंवर स्नेहभोजनाची सोय आहेच. मुलाचा वाढदिवस, आजोबांचें वर्षश्राद्ध, घरांतलें लग्न, अशा निमित्तानें एखाद्या दिवशीं सबंध शाळेस गोड वाढतां येतें, आणि त्या दिवशीं नववी-दहावीही पंक्तीस बसते. त्यासाठीं कार्यालयांत वही ठेविली आहे. आठ दिवस आधीं तारीख लिहावी. पदार्थ शाळेंतच, मावशींच्या देखरेखीखालीं शिजवावा. बाहेरून तयार आणूं नये. साखर, गूळ, शेंगदाणे, केळीं चालतील. आणि ज्या पालकांचा वाढदिवसाचा केक असेल, त्यांनीं तो कृपा करून सर्वांस पुरेल इतका आणावा, नाहींतर घरींच कापावा.